सुतकातून वाचवलेली तवी

कोलशेत, ठाणे
१० मार्च २०२४

प्रिय तुळसा,

आई एकवीरेच्या कृपेने आम्ही सगळे बरे. फोनवर बोलायचं तर तुझ्या कानातलं मशीन शिट्टी मारतं, तू नुसती हॅलो हॅलो करत बसतेस आणि मी इकडे घसा फोडून घेते. म्हणून पत्र. शाळेत बाकाखालून चिठ्ठ्या पाठवायचो तशीच समज. तेव्हाही तुझं अक्षर माझ्याहून चांगलं होतं, आणि त्याच अक्षरात तू तुझ्या भावाचं स्थळ मला कळवलं होतंस. अजून निस्तरतेय.

आईंचं दिवसकार्य नीट पार पडलं. तू तिसऱ्या दिवशी मोकळी झालीस, आम्हाला तेरावं होईपर्यंत सुतक होतं. मग घर धुतलं आणि रिवाजाप्रमाणे मातीची भांडी खाडीत सोडली. पाण्याचा माठ, भाकरीची खापरी, दह्याचं बोळकं, सगळं गेलं. मनालीला काही ते पटेना. "आई, माठ चांगला आहे हो, धुऊन घेऊ," म्हणाली. सून डोंबिवलीची, तिला काय सांगणार. पितळ घासून शुद्ध होतं, माती होत नाही, ती आत आलेलं सगळं पिऊन बसते, असं तुझी आईच म्हणायची.

वाचली ती एकटी कालवण शिजवायची मातीची तवी. ती करामतही आईंचीच. आठवतं ना, अंथरुणावरून मला जवळ बोलावून काय म्हणाल्या? "मी जायचे आदी तवी तुलसाकरं धार. नायतं सुतकान फेकशाल. माजे मागं ती शीलाची, तिचे मागं मनालीची." म्हणून त्या असतानाच ती तुझ्याकडे पाठवली. लोक जाताना सोन्याचं बघतात, या बाईने कालवणाच्या भांड्याचं बघितलं. यमालाही फसवलं म्हण ना.

आता ती परत पाठव. खाडीत निवट्यांची मासळी चांगली मिळतेय. स्टीलच्या टोपातलं कालवण खाऊन तुझा भाऊ रोज तोंड वाकडं करतो. आईंच्या आठवणीने एकदा तवीत कालवण करीन म्हणते, मनालीच्या सान्वीलाही भरवीन. चार वर्षांची झाली, पणजीच्या हातची चव तिच्या जिभेवर राहू दे.

तुझी
शीला


खडवली
२८ मार्च २०२४

प्रिय वहिनी,

तू हसशील, पण आईने लावलेली सवय आहे. मैत्रीण असलीस तरी लिहिताना वहिनीच लिहायचं.

उत्तराला उशीर झाला. तवी सुखरूप आहे. माझ्या घरीही लेकीचं सुतक होतंच, म्हणून ते तीन दिवस ती शेजारच्या दगडाबाईकडे ठेवली होती. माझ्या दिपेशला गॅरेजमधून सवड होत नाही. येत्या रविवारी तो टेम्पो घेऊन ठाण्याला येणार आहे, तेव्हा घेऊन येईल.

एक मात्र ऐक. लगेच कालवण टाकू नकोस. रात्रभर पाण्यात बुडवून ठेव. मग तांदळाच्या कण्यांची पेज मंद आचेवर शिजव आणि ती पेज फेकून दे, गुराच्याही तोंडी घालू नकोस. असं तीनदा कर. पडून राहिलेल्या मातीला धूळ, धूर सगळं लागतं. हे विसरू नकोस.

तवी तुला दिली आणि मला दिले आईने आपले कान. शेवटी तिलाही ऐकू येत नव्हतं आणि मलाही. वाटणी बरोबर झाली.

तुझी
तुळसा


कोलशेत
२१ एप्रिल २०२४

प्रिय तुळसा,

तवी मिळाली. दिपेश चहालाही थांबला नाही, दारातून देऊन गेला. मी फडकं सोडलं आणि आधी तवीच्या ओठावरच्या खळग्यावर बोट ठेवलं. पळी आपटून आपटून तुझ्या आईने पाडलेला तो खळगा. बोट बरोबर बसलं तेव्हा जीव थंड झाला, खरं सांगते.

तुझं पेजेचं मला हसू आलं. आपलीच मुरलेली तवी, तिला काय नव्या नवरीसारखं तीन तीनदा न्हाऊ घालायचं? पाण्यातून काढली आणि त्याच दिवशी निवट्यांचं कालवण टाकलं. आच मंद, चिंच बेताची, सगळं जसंच्या तसं. पण तुळसा, कालवण बिघडलं. वर काळसर तवंग आला, मला वाटलं माशाचं तेल असेल. चव कडवट. मनालीने नुसता वास घेतला आणि म्हणाली, "आई, गॅरेजसारखा वास येतोय." मी म्हटलं, तुला तुझ्या वडिलांच्या दुकानाची आठवण येत असेल. तिच्या वडिलांचं रिक्षा दुरुस्तीचं दुकान आहे. ती जेवली नाही. तुझ्या भावाने दोन घास खाऊन ताट सारलं. मी मात्र सान्वीला समोर बसवून भरवलं.

रात्री पोरीला उलट्या सुरू झाल्या, थांबेचनात. दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. डॉक्टर विचारत होते, काय खाल्लं. मी म्हटलं, घरचं. आता बरी आहे, पण चेहरा एवढासा झालाय.

मी विचार करकरून एकाच गोष्टीवर येते. तवी पाण्यात बुडवून मी बाजारात गेले होते. आले तेव्हा मनाली सिंकपाशी होती आणि हिरवं लिक्विड बाहेर काढलेलं होतं. ती म्हणते, मी चहाचे कप धुतले, तवीला हातही लावला नाही. सान्वीची शप्पथ घेतली. पण माठाच्या वेळीसुद्धा तिला धुऊन घ्यायचाच होता. आणि मातीने साबण प्यायला की तो शिजताना बाहेर येणारच.

तू आईंच्या हाताखाली शिकलेली. तुला काय वाटतं? तू सांगशील ते मी खरं मानीन.

शीला


खडवली
२९ एप्रिल २०२४

प्रिय वहिनी,

सान्वीचं वाचलं. आता कशी आहे? पाणी भरपूर पाजत जा. पुन्हा डॉक्टरांना दाखव आणि रक्त तपासायला सांग.

तवीचं म्हणशील तर साबणच असणार. माती साबण पिते आणि उकळताना सोडते, तवंगही येतो आणि कडू चवही लागते. मातीचं भांडं राखेने नाहीतर बेसनाने घासायचं, नारळाच्या किशीने, आणि उन्हात पालथं घालायचं. आजकालच्या मुलींना फेस आल्याशिवाय भांडं स्वच्छ वाटत नाही. ती नाही म्हणाली असेल, भीतीने माणूस नाहीच म्हणतं.

पण ती तवी आता चुलीवर ठेवूच नकोस. साबण काही निघायचा नाही. आईची आठवण म्हणून फळीवर ठेव. सान्वीला तर त्यातलं अजिबात देऊ नकोस. माझी शपथ आहे.

तुळसा


कोलशेत
२ जून २०२४

प्रिय तुळसा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी माझ्या अनिशला सुट्टी होती. मी त्याच्यासमोर ते मनालीला वाचून दाखवलं, शेवटपर्यंत. "भीतीने माणूस नाहीच म्हणतं" हे तर दोनदा वाचलं. तुला ठाऊक आहे माझा राग. म्हटलं, भांडं बिघडवलंस ते बिघडवलंस, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं कशाला बोललीस?

ती रडली नाही. म्हणाली, "आई, तुळसाआत्या तिथे नव्हत्या. मी होते. तरी तुम्ही त्यांचंच खरं धरलंत." मी म्हटलं, तिला मी तिसरीपासून ओळखते, तुला सहा वर्षांपासून.

दुसऱ्या दिवशी ती सान्वीला घेऊन डोंबिवलीला गेली. आज महिना होऊन गेला. अनिश घोडबंदरच्या ऑफिसातून कधी इकडे येतो, कधी तिकडे जातो. माझ्याशी कामापुरतं बोलतो. परवा तुझ्या भावाला म्हणाला की डोंबिवलीत भाड्याचं घर बघतोय. या घरात पोरगी नसली की टीव्हीचासुद्धा आवाज मोठा वाटतो.

मी चुकले का गं? तसं असेल तर आत्ताच सांग, मी स्वतः जाऊन तिला आणीन. पण तू लिहिलंस म्हणजे ते खरंच असणार, या एका गोष्टीवर मी तग धरून आहे. तवी फळीवर ठेवली आहे, तू सांगितलंस तशी.

शीला


खडवली
२० जून २०२४

प्रिय वहिनी,

येईल ती. रागावून माहेरी गेलेल्या मुली परत येतातच. तू फार विचार करू नकोस, प्रकृतीला जप.

इकडे भातसा नदीला पाणी चढलंय, रस्ताही खराब आहे. यंदा तू इकडे येऊ नकोस. मीच कधीतरी येईन.

तुळसा


कोलशेत
२५ ऑगस्ट २०२४

तुळसा,

नारळी पौर्णिमेला मनाली आली होती. राहायला नव्हे, सान्वीची रेनकोटची पिशवी न्यायला. जाताना स्वयंपाकघरात थांबली आणि फळीवरची तवी तिने खाली उतरवली. म्हणाली, "आई, आज तुमच्यासमोर धुते. नुसत्या गरम पाण्याने. बघा."

तिने पांढरं फडकं भिजवून तवीच्या पोटावरून दाबून फिरवलं. फडकं काळं झालं. काजळी लागते तसं नाही, चिकट. तिने ते माझ्या नाकाशी धरलं. "हे इंजिनातून काढलेलं काळं ऑइल आहे," म्हणाली. "लहानपणापासून ओळखते." मी तवी उचलून बोटाने वाजवली. नवी कोरी खणखणीत वाजली. मुरलेली तवी अशी वाजत नाही, हे मला एप्रिलमध्येच कळायला हवं होतं. पण आपल्या माणसाकडून आलेलं भांडं कोण वाजवून घेतं?

मग मी ती ओट्यावर आपटली. तुझ्या आईच्या तवीचा टवका उडाला तरी आतपर्यंत काळा निघायचा. हिची कड विटेसारखी लाल. आणि तो खळगा, ज्यावर बोट ठेवून माझा जीव थंड झाला होता, त्यावर भिंगातून कानशीचे ओरखडे दिसतात. एवढं मन लावून केलंस तू.

तुझी तीन वेळची पेज तेव्हा आठवली. जुन्या तवीला पेज कशाला लागते, हा प्रश्नसुद्धा मला पडला नाही. मी हसले होते.

तुला वाटेल मी अंदाजाने बोलतेय. शुक्रवारी मी खडवलीला आले होते. तू बाजारात गेली होतीस. दगडाबाई ओटीवर बसल्या होत्या. मी विचारलं, तवी तुमच्याकडे ठेवली होती ना? त्या म्हणाल्या, "माझ्याकडं? न्हाय बाई. तवी तर तिनं आल्यापास्नं दुसऱ्याच्या हातात दिली न्हाय." तुझं मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. तवी चुलीवर होती, झाकण ठेवून. मी खळग्यावर बोट ठेवलं. या वेळी मला कोणी सांगायला नको होतं.

उचलून आणता आली असती. आणली नाही. चोरी तुझ्या घरात झालीय, माझ्या हातून कशाला?

आता नीट वाच. तवी तुला हवी होती तर मला म्हणायचंस. दोन दिवस रडले असते आणि दिली असती, आईंनी कोणाला ठेवली होती ते विसरून. भांड्याचं दुःख मी गिळेन. नात तर माझी आणि तुझी, दोघींची, तिच्या पोटात ते ऑइल गेलं, माझ्याच हाताने भरवलं. तरी म्हणेन, तुला कळलं नसेल. पण एप्रिलमध्ये मी तुला विचारलं होतं की तुला काय वाटतं, तू सांगशील ते खरं मानीन. जूनमध्ये पुन्हा विचारलं, मी चुकले का? तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. माझं घर मोडताना तू बघत होतीस, आणि लिहिलंस की रस्ता खराब आहे, येऊ नकोस.

मला उत्तर हवं आहे.

शीला


खडवली
३ सप्टेंबर २०२४

शीले,

वहिनी लिहायचं तोंड नाही, म्हणून जुन्या नावाने लिहिते.

सगळं खरं आहे. परत देणारच होते मी. तू मार्चमध्ये मागितलीस त्या दिवशी फडक्यात बांधलीसुद्धा. मग म्हटलं, शेवटचं एकदा कालवण करू. पहिला घास घेतला आणि आई बोलली असं वाटलं. मला तिचा आवाज गेली सहा वर्षं नीट ऐकू आला नव्हता. फोनवर ती बोलायची आणि मला शिट्टी ऐकू यायची. ती गेली तेव्हाही तुम्ही सगळे म्हणता शेवटी तिने तुळसा, तुळसा केलं. मी उशाशी होते, मला तेही ऐकू आलं नाही. चव तेवढी शाबूत होती. ती बांधून तुझ्याकडे पाठवायची आणि तू ती डोंबिवलीच्या मुलीला देणार, हे मला सोसेना. पोटची लेक मी होते.

आठवड्याच्या बाजारातून त्याच आकाराची तवी आणली. दिपेशच्या गॅरेजमधलं ऑइल चोळून गोवऱ्यांवर धुरी दिली. त्याला मी काही सांगितलं नाही. वाटलं, तीन पेजांत सगळं निघून जाईल. तू पेज करणार नाहीस हे माझ्या मनात आलंच नाही. सान्वीचं कळलं त्या रात्री मी जेवले नाही. तुला लिहिलं ना, चुलीवर ठेवू नकोस, रक्त तपास. जेवढं जमलं तेवढं लिहिलं.

मनालीवर आळ मी घेतला नाही, शीले. साबणाचं नाव तूच काढलंस. मी फक्त हो म्हटलं. एकदा हो म्हटल्यावर परत कसं फिरणार होते?

तवी दिपेशबरोबर पाठवतेय. या वेळी खरी आहे. वाजवून बघ, फोडून बघ, काय हवं ते कर. पण माझं माहेर तोडू नकोस. आई गेली, आता माहेर म्हणजे तूच.

तुळसा


कोलशेत
२० ऑक्टोबर २०२४

तुळसा,

तवी पोचली. दिपेश या वेळी चहा घेऊन गेला. त्या पोराला मी काही बोलले नाही.

तुझं पत्र घेऊन मी आणि तुझा भाऊ डोंबिवलीला गेलो. पहिलं पत्र मनालीच्या तोंडावर वाचलं होतं, म्हणून हेही तिच्या आईवडिलांसमोर मोठ्याने वाचलं. मध्ये दोनदा थांबावं लागलं. वाचून झाल्यावर मी म्हटलं, मनाली, मी परक्या अक्षराला खरं मानलं आणि तुला खोटं पाडलं. ती म्हणाली, "परकं कुठे, तुमच्या मैत्रिणीचंच होतं." ती लगेच आली नाही. यावंसं वाटेल तेव्हा ये म्हटलं आणि निघालो. घटस्थापनेला दोघी आल्या. सान्वीचं रक्त तपासलं, सगळं ठीक आहे. अनिशचा माझ्याशी सूर अजून पूर्वीसारखा नाही. व्हायला वेळ लागेल.

काल मनालीला घेऊन कल्याणच्या कुंभारवाड्यात गेले. दुकानात पुढे चकचकीत रंगवलेल्या तव्या मांडल्या होत्या, आम्ही त्यांना हात लावला नाही. मागच्या ढिगातली साधी, बिनरंगी उचलली. मी वाजवली. मनालीने ओला रुमाल आतून फिरवला, मग नाक आत घालून वास घेतला, मग ओंजळभर पाणी ओतून बुडाला कुठे झिरपतंय का बघत बसली. कुंभार म्हणाला, "काकी, लग्नाचा मुलगा बघताय का?" आम्ही दोघी हसलो. नंतर मला वाटलं, एवढं तपासून घ्यायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

रात्रभर पाण्यात होती. आज पेज शिजवली, तीनही वेळा, आणि फेकली. ते मात्र तुझ्याकडूनच शिकले. संध्याकाळी निवट्यांचं कालवण टाकलं. मातकट झालं. नवीन तवीत होणारच, तिला मुरायला वर्षं लागतील. सान्वीने आधी मनालीकडे बघितलं. मनालीने स्वतः पहिला घास खाल्ला आणि मान हलवली, तेव्हा पोरीने तोंड उघडलं.

आता तुझ्या आईच्या तवीबद्दल.

ती मी फोडली नाही. वाजवलीही नाही. बोट ठेवलं, तीच होती. तुझ्या चुलीची राख बुडाला होती ती तशीच राहू दिली. तिच्यात एकदा कालवण करायची फार इच्छा झाली, खोटं कशाला बोलू. चिंचसुद्धा भिजत घातली होती. पण तवी समोर ठेवून बसले आणि हात होईना. तुझी आईच म्हणायची ना, माती आत आलेलं सगळं पिऊन बसते, घासून शुद्ध होत नाही. मार्चमध्ये मागितल्यावरही सहा महिने ती तुझ्या घरात राहिली.

आज पहाटे भरती असताना मी ती खाडीवर नेली आणि पाण्यात सोडली. तुझा भाऊ बंदरावर जाळं झटकत होता. घाबरून म्हणाला, "अगो, कोन गेला?" मातीचं भांडं आपल्यात उगाच कोणी सोडत नाही. मी त्याला काही सांगितलं नाही, तुला सांगते. तिसरीच्या वर्गात बाकाखालून चिठ्ठी देणारी माझी मैत्रीण गेली.

माहेर तुझ्या भावाचं आहे, ते कोणी तोडलेलं नाही. भाऊबीजेला ये, तो वाट बघेल. मी ताट वाढीन. माझ्याशी बोलायची आशा मात्र ठेवू नकोस. लेकीला तिसऱ्या दिवशी सुतक सुटतं, तूही सुटशील. मी या घरची सून आहे, मला पूर्ण पाळावं लागतं.

शीला